एफपर्यंतचा पत्ता

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.४०, स्टोअररूम

डायरी सुरू. ऑफिसचीच आहे, मागच्या वर्षीची, कोरी. वार चुकीचे छापलेत, ते खोडून बरोबर लिहिते. तारवाल्याने दिली. म्हणाला, मावशी, रोज काय काय केलं ते लिहून ठेवत जा, मीही ठेवतो, उद्या काही बिघडलं तर नेमकं कुठे बिघडलं ते सापडतं. म्हटलं, माझ्या हातून काही बिघडत नाही. तरी लिहिते. एवढा चांगला कागद वाया का घालवा.

खरं कारण वेगळं. आमच्या सुपरवायझर ताई तीस तारखेला रिटायर होतायत. त्यांच्या जागी मी. अजून कुणी बोललं नाही, पण बोलायचं काय त्यात? अकरा वर्षं तिसरा मजला झाडते-पुसते आहे. दुसरं आहेच कोण? तळमजल्याची. तिला तोंड नाही. काही विचारा, हसते. हसून माणसं हाकता येतात का?

सुपरवायझरला टेबल असतं. कुलपाचा ड्रॉवर असतो. कॉम्प्युटर असतो. अशा बाईने डायरी लिहिलेली बरी दिसते. म्हणून आत्तापासून सवय.

ठरवलं ते:
एक. हळू बोलायचं.
दोन. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचं. मध्ये तोडायचं नाही.
तीन. कॉम्प्युटर शिकायचा. पंधरा दिवस पुरेत.

२ सप्टेंबर, मंगळवार

हळू बोलणं ९.१० पर्यंत टिकलं. मग लिफ्टवाला ओल्या फरशीवरून बूट घेऊन गेला. त्यात माझा काय दोष? उद्यापासून.

४ सप्टेंबर, गुरुवार

तारवाल्याचं लिहायचं राहिलं. तो म्हणतो मी तारवाला नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असेल. पण मी बघावं तेव्हा हा कुठल्या तरी टेबलाखाली तारांत. मला आधी त्याचे मोजे ओळखू येतात, तोंड नंतर. मी पुसत असले की आतून बोलत बसतो. त्याचं ऐकणारं ऑफिसात कुणी नाही. मीही ऐकत नाही, कानावर पडतं.

आज टेबलाखालून म्हणाला, मावशी, इंटरनेटचे पत्ते संपले.

म्हटलं, दूध संपतं तसे?

म्हणाला, तसंच समजा. ज्यांनी बनवलं त्यांना वाटलं चारशे तीस कोटी पत्ते म्हणजे रग्गड झाले. आता माणसामागे फोन, फोनमागे घड्याळ, घड्याळामागे टीव्ही. मग आजवर कसं भागलं विचारलं, तर म्हणे जुगाड. अख्ख्या बिल्डिंगला बाहेरून एकच पत्ता. दारात एक जण बसवलाय, तो सगळं टपाल घेतो आणि आत ज्याचं त्याला देतो. आतल्यांना बाहेर कुणी ओळखत नाही.

म्हटलं, अरे, हे तर आमच्या घरासारखं झालं. आम्ही घरमालकिणीच्या मागच्या खोलीत. आमची पत्रं तिच्या नावाने येतात, खाली बारीक आमचं नाव. ती आधी फोडते, मग देते. म्हणते, चुकून फुटलं गं. सहा वर्षं चुकून फुटतंय. आणि आमचे हे दिवसभर स्कूटरवर पार्सलं घेऊन लोकांचे पत्ते हुडकतात. त्यांना स्वतःचा विचारा. म्हणतात, मागच्या बोळातून या, जिन्याखाली वाका, पिवळं दार, बेल नाही, हाक मारा. याला पत्ता म्हणतात?

तारवाला एकदम टेबलाखालून बाहेर आला. डोकं आपटलं. म्हणाला, मावशी, बरोब्बर! तुम्हाला जे कळलं ते आमच्या साहेबाला दोन मीटिंगांत कळलं नाही. आता नवे पत्ते येणार. प्रत्येक मशीनला स्वतःचा, थेट रस्त्यावरून. वीस तारखेला अख्खं ऑफिस बदलायचंय.

कॉम्प्युटर शिकायला पंधरा दिवस म्हटलं होतं. आठ पुरतील.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वॉशरूमला नवे कचऱ्याचे डबे आले. भरला की डबा स्वतः कळवतो म्हणे, फोनवर. डब्यालाही पत्ता मिळणार का विचारलं. तारवाला म्हणाला, हो, सगळ्यांना.

म्हणजे माझ्या पत्रावर घरमालकीण, आणि डब्याचं टपाल सरळ डब्याला.

जाता जाता डब्याला लाथ बसली. चुकून.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मोठा दिवस. नीट लिहिते.

तारवाल्याने नवा पत्ता कागदावर काढून दाखवला. लांबलचक. आकडे आहेत आणि अक्षरंही. म्हटलं, अक्षरं कुठली? म्हणाला, ए पासून एफपर्यंत. पुढची? पुढची लागतच नाहीत.

मी बादली पालथी घालून बसले.

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी चौथीत सुरू झालं. बाई एफपर्यंत आल्या आणि माझी शाळा सुटली. पुढच्या अक्षरांची नि माझी कधी गाठच पडली नाही. इतकी वर्षं वाटायचं, पुढे काहीतरी मोठं असणार, आपलं राहून गेलं. आणि जगातल्या एवढ्या हुशार लोकांनी बसून ठरवलं की एफपर्यंत पुरे! म्हणजे इंटरनेटपुरतं माझं शिक्षण पूर्ण झालंय. उरलेल्या अक्षरांवर लोकांनी उगाच वर्षं घालवली.

तारवाला म्हणाला, हे पत्ते कधी संपायचे नाहीत. धुळीच्या प्रत्येक कणाला एक दिला तरी उरतील. म्हटलं, धुळीला पत्ता देऊ नकोस बाबा. मुक्कामाला राहील.

अजून एक आवडलं. पत्त्यात शून्यांची रांग लागली तर ती लिहायचीच नाही. नुसते दोन ठिपके, शेजारी परत दोन ठिपके. जे नाहीच ते कशाला लिहा? हा नियम आमच्या यांच्या बोलण्याला लावला पाहिजे. संध्याकाळी लावून बघितला. ठिपकेच उरले.

११ सप्टेंबर, गुरुवार

तारवाल्याच्या टेबलावर झगा घातलेला बाहुला आहे, एक हात वर करून उभा. रोज त्याची काख मी पुसते. आज विचारलं, हा कोण रे? झालं. चाळीस मिनिटं.

सुपरहिरो म्हणे. याने असले सगळे सिनेमे बघितलेत, काही तीन-तीनदा. त्याचं म्हणणं, ते सिनेमे मारामारीचे नाहीतच, पत्त्याचे आहेत. हिरो उडतो, भिंती फोडतो, त्याचं कुणी वाकडं करू शकत नाही. पण तो राहतो कुठे हे एकदा कळलं की संपला. तोंडावरचा मुखवटा तोंडासाठी नसतोच, पत्त्यासाठी असतो. म्हणून नव्या पद्धतीतही काही मशीनं रोज पत्ता बदलतात, कुणी मागावर राहू नये म्हणून.

म्हटलं, रोज घर बदलायचं? म्हणाला, घर तेच, पाटी बदलायची. म्हटलं, आमच्या यांना पार्सल द्यायला पाठवून बघ, रडतील.

मग मी माझा प्रश्न विचारला. एवढ्या बिल्डिंगी फुटतात. काचा पडतात. झाडतं कोण?

तो हसला. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते. चाळीस मजल्यांची काच म्हणजे काय, झाडणाऱ्याला विचार. विटा-माती सरळ उचलता येते. काच फटीत बसते. सगळे सिनेमे बघून याला एकदासुद्धा झाडू दिसला नाही. म्हटलं, मग बघितलंस काय?

१४ सप्टेंबर, रविवार

यांच्या फोनवर सुपरहिरोचा सिनेमा बघितला. आवड म्हणून नाही, झाडतं कोण ते बघायला. पूल पडला, दोन टॉवर पडले, एक बसस्टॉप उगाचच पडला. पुढच्या सीनमध्ये रस्ता चकाचक. मधलं कुणी दाखवलंच नाही. साफ थापा.

शेवटी हिरो मुखवट्याआडून स्वतःच्या आईला वाचवतो आणि तिला न सांगताच निघून जातो. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. हे म्हणाले, अगं, रडतेस? म्हटलं, पंखा पुसलाय का तुम्ही कधी? धूळ पडते.

मग दुसरा बघितला. खात्री करायला. मग तिसरा. त्यातही झाडू नाही. असल्या सिनेमांत वेळ घालवणाऱ्यांचं मला कळत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तारवाला स्वतःहून माझ्याकडे आला. माझ्याकडे! हातात स्टिकरांचे कागद. एकूण एक्केचाळीस. प्रिंटर, पडदे, कॅमेरे, डबे, जे जे मशीन आहे त्याला एक एक नवा पत्ता. म्हणाला, मावशी, कुठलं मशीन कुठे आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, तेवढे चिकटवून द्याल का? शनिवारी मी प्रत्येक मशीनपाशी जाऊन स्टिकर वाचून पत्ता आत भरणार.

म्हटलं, दे. तो सांगायला लागला की मशीनवर जुना स्टिकर आहे, त्याचा नंबर या कागदावर डावीकडे बारीक छापलाय, तो जुळवून मग... म्हटलं, कळलं, कळलं. एफपर्यंत येतं मला. तो म्हणाला, नाही मावशी, एकदा पूर्ण ऐका. म्हटलं, जा, तुझा साहेब बोलावतोय. बोलावत नव्हता.

सुपरवायझरची कामं आत्ताच माझ्याकडे यायला लागली. लोकांना कळतं.

१७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ३

काम सुरू. माझी पद्धत अकरा वर्षांची आहे. आधी सगळं काढायचं, मग पुसायचं, मग मांडायचं. टेबल असो, कपाट असो, हेच. तळमजल्याची एकेक वस्तू उचलून तेवढंच खाली पुसते आणि परत ठेवते. त्याला पुसणं म्हणत नाहीत.

एक्केचाळीस मशीनांवरचे जुने स्टिकर काढले. नखाने. दोन नखं गेली. गोंद स्पिरिटने पुसला. आता मशीनं अशी दिसतात की जणू आजच खोक्यातून काढली. जुन्या स्टिकरांचा गोळा करून डब्यात टाकला. डब्याने कळवलं असेल.

आता नवे लावायचे.

त्याच दिवशी, ४.१५

डावीकडे बारीक जुना नंबर छापलाय. तो मशीनवरच्या जुन्या स्टिकरशी जुळवायचा, असं तो सांगत होता वाटतं.

मशीनवर जुना स्टिकर नाही.

चहा प्यायले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल जरा डोकं जड झालं होतं. आज विचार केला तर काही अडचणच नाही. तारवाला स्वतः म्हणाला, पत्ते धुळीच्या कणाकणाला पुरतील एवढे आहेत. मग एवढ्यांतला कुठला कुणाला गेला याने काय फरक पडतो? सगळे नवेच आहेत. शिवाय माणसाने एखाद्या घरात राहायला जाण्याआधी त्या घराचा नंबर काय फरक करतो? राहायला गेलं की ते त्याचं घर.

लावले. लिफ्टपासून सुरुवात करून उजव्या हाताने, कागदावर आले तसे. सगळे सरळ. पट्टी धरून.

चाळीस लावले. एक ठेवला. त्याचा शेवट एफने होतो: २००१, डी, बी, ८, ठिपके ठिपके, एफ. सगळ्यांत सुटसुटीत. माझी शाळा संपली तिथेच संपणारा. हा सुपरवायझरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला, म्हणजे मला. एक तारखेला स्वतःच्या हाताने लावणार. तोवर इथे, डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. त्याने विचारलं तर सांगेन, एक कमी होता.

घरी यांना म्हणून दाखवला. म्हटलं, हा आपला नवा पत्ता. हे म्हणाले, कुठल्या भागात आलं हे?

२० सप्टेंबर, शनिवार

पत्ते बदलले. तारवाला सकाळी आठला आला, मीही आले. तो प्रत्येक मशीनपाशी वाकून स्टिकर वाचायचा नि भरायचा. म्हणाला, किती सरळ लावलेत मावशी! मशीनंही चमकतायत. जुना स्टिकर का नाही दिसत, हे त्याने विचारलं नाही. घाईत होता, एका मशीनवर स्टिकरच नाही हेही त्याच्या नजरेतून सुटलं. मीही सांगितलं नाही. तो कामात असताना मध्ये बोलायचं नाही, हे ठरलेलंच आहे.

पाचला म्हणाला, मावशी, एकही लाल दिवा नाही. म्हटलं, कसा असेल?

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११

थोडा गोंधळ आहे. नव्या घरात पहिले दोन दिवस चमचा सापडत नाही, तसा.

कॅमेऱ्यावर दार बघायला गेलेल्या वॉचमनला पँट्री दिसते. पहिल्या मजल्यावरच्यांचं छापलेलं दुसऱ्यावर निघतं. लोक जिन्यात कागदांची अदलाबदल करतायत. जे अकरा वर्षांत एकमेकांशी बोलले नाहीत ते बोलले. हे चांगलंच झालं.

मोठ्या मीटिंगरूममध्ये पाहुणे होते, बाहेरची मोठी कंपनी. मी पाणी ठेवत होते. मॅनेजर साहेब बोलायला उभे राहिले आणि मागच्या पडद्यावर झगावाला उडायला लागला. तारवाला आपल्या टेबलाशी बसून लहान खोलीचा पडदा तपासत होता, त्याने सिनेमाचा तुकडा लावलेला. तो आला इकडे. साहेब रिमोट हुडकतायत, पाहुणे बघतायत, टॉवर पडतोय. मी पाहुण्यांना धीर दिला. म्हटलं, घाबरू नका, यात कुणी मरत नाही, फक्त झाडत कुणी नाही. पाहुणे हसले. साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. बहुतेक माझं काम झालं होतं म्हणून.

त्याच दिवशी, १२.३०

नीट लिहिते.

स्टोअररूमबाहेरचा जुना प्रिंटर सहा महिन्यांत चालला नव्हता. मी त्याच्यावर फडकी वाळत घालते. आज आपोआप सुरू झाला आणि एक कागद बाहेर आला. कंपनीचं चित्र वर, खाली साहेबांची सही. इंग्रजी आहे. मधे एक शब्द मला ओळखू येतो, तो सुपरवायझर ताईंच्या टेबलावरच्या पाटीवर आहे. अकरा वर्षं ती पाटी पुसते मी. अक्षरं येत नाहीत, पण चित्र पाठ आहे. तोच शब्द.

माझ्या दारातल्या प्रिंटरवर, माझ्यापुढ्यात, आपणहून. अजून काय पाहिजे? याला म्हणतात थेट पत्ता. मधे कुणी नाही, फोडायला कुणी नाही.

घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं. बसताना कुरकुरतं. बरं वाटतं.

४.००

तळमजल्याचीला जिन्यात गाठून सांगितलं. म्हटलं, बघ बाई, एक तारखेपासून तू माझ्या हाताखाली. घाबरू नकोस, मी तशी कडक नाही. फक्त ते एकेक वस्तू उचलून पुसणं बंद कर. आधी सगळं काढायचं. ती हसली. म्हणाली, बरं ताई.

तोंड नाहीच तिला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पत्र तारवाल्याकडे नेलं. म्हटलं, मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्याने मनात वाचलं. मग परत वाचलं. मग म्हणाला, मावशी, बसा.

म्हटलं, उभ्यानेच ऐकते.

ते तळमजल्याचीचं आहे. एक ऑक्टोबरपासून सुपरवायझर ती. नाव, सही, सगळं. तारीख विचारली. पंचवीस ऑगस्ट. म्हणजे मी ही डायरी उघडली त्याच्या सात दिवस आधी सगळं ठरलेलं. हे फक्त फाइलसाठी पुन्हा छापायला टाकलं होतं. तिला तिचं कधीच मिळालंय. जिन्यात ती हसली तेव्हा तिच्या पर्समध्ये होतं.

मी म्हटलं, बरं.

मग तारवाला म्हणाला, पण हे कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंच्या केबिनमध्ये निघायला पाहिजे. तुम्हाला कुठे मिळालं? म्हटलं, स्टोअररूमच्या प्रिंटरवर. तो उठला, प्रिंटरपाशी गेला, बोटाने स्टिकरच्या आजूबाजूला चाचपलं. म्हणाला, मावशी, जुना स्टिकर कुठाय?

म्हटलं, पुसलं.

किती मशीनांचे?

म्हटलं, मी अर्धवट काम करत नाही.

तो खाली बसला. फरशीवर. नुकतीच पुसलेली होती, बोलले नाही.

मी म्हणाले, तूच म्हणालास धुळीच्या कणाला पुरतील एवढे आहेत. तो म्हणाला, मावशी, आहेत हो, पण एका कणाचं टपाल दुसऱ्या कणाला गेलं की काय होतं ते तुम्हीच मला सांगितलं होतं. सहा वर्षांचं.

मी बादली उचलली.

२४ सप्टेंबर, बुधवार

साहेबांनी बोलावलं, तारवाल्याला आणि मला. पाहुण्यांनी काम दिलं नाही म्हणे. सिनेमा आवडला पण काम दिलं नाही. साहेब म्हणाले, स्टिकर कुणी लावले? मी तोंड उघडलं. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. काय सांगणार होते ते ठरायचं होतं.

तेवढ्यात तारवाला म्हणाला, सर, याद्या माझ्या, तपासणं माझं काम, चूक माझी.

साहेब त्याला इंग्रजीत बरंच बोलले. एफच्या पुढची अक्षरं खूप होती, मला कळलं नाही. त्याचे कान लाल झाले. रविवारपर्यंत सगळं नीट नाही झालं तर पुढच्या सोमवारी यायचं नाही, एवढं साहेब मुद्दाम मराठीत म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, शेवटी कबूल केलंस ते बरं केलंस. मनावर ओझं राहत नाही. तो म्हणाला, हो मावशी.

टेबलावरचा बाहुला आज पुसताना त्याचा मुखवटा निघतो का बघितला. निघत नाही. अंगातच आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

कुणी बोलावलं नव्हतं. तरी गेले. घरी काही काम नव्हतं. होतं, पण नव्हतं.

प्रत्येक मशीनच्या पाठीवर कारखान्याचा नंबर असतो. तो वाचून यादीशी जुळवायचा, मग बरोबर स्टिकर. मशीनं पुढे ओढायची मी, वाचायचं त्याने. मागे काय धूळ होती! ती मात्र मीच सोडली होती. पण मागचं कोण बघतं?

या वेळी एकेकच केलं. एक काढायचा, तेवढंच पुसायचं, त्या मशीनचा बरोबर तो लावायचा. तळमजल्याचीची पद्धत. वेळखाऊ आहे. मला पटलेली नाही.

चाळीस झाले. चार वाजले. तो म्हणाला, मावशी, एक कमी आहे, शेवट एफ. मी म्हणाले, कमीच होता. तो यादी बघत बसला. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. म्हणाला, हा पत्ता कुठे तरी गेलाय, तो सापडल्याशिवाय साहेबांना झालं म्हणून सांगता येणार नाही. नवा छापला आणि जुना कुठल्या मशीनवर राहिला तर उद्या परत तोच गोंधळ.

उद्या साहेबांनी सांगितलेला तो सोमवार.

पिशवीतून डायरी काढली. त्याच्यासमोर पहिलं पान उघडलं. त्याने स्टिकर बघितला. शेजारी मी पेनाने काढलेलं टेबलाचं चित्र होतं, ड्रॉवरसकट, कुलूप रंगवलेलं, तेही बघितलं. मीच म्हटलं, चुकून चिकटला.

म्हणाला, होतं असं.

विचारलं, कुणाचा आहे एफ? यादीवर बोट नेलं त्याने. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, तिसरा मजला, वॉशरूम. डबा.

नखाने काढला. पानाचा कोपरा सोबत फाटून आला. गोंद गेलेला, म्हणून चिकटपट्टी लावून डब्यावर बसवला. पट्टी धरून. सरळ बसला.

तारवाला म्हणाला, मावशी, चला, झालं, एक्केचाळीस. मग म्हणाला, तुमच्या त्या प्रश्नाचा मी विचार केला. काच कोण झाडतं त्याचा. सिनेमा संपल्यावर झाडत असतील. म्हणून दिसत नाही.

म्हटलं, तू आता घरी जा. मोजे बदल.

३० सप्टेंबर, मंगळवार

सुपरवायझर ताईंचा निरोप. तारवाला कामावर आहे. तळमजल्याची दोन वाक्यं बोलली, दोन्ही हळू, सगळ्यांना ऐकू गेली. कसं काय, कळत नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, ताई, मला तुमच्यासारखं ओरडता येत नाही, कुणावर ओरडायचं झालं तर तुम्हाला सांगेन. म्हटलं, सांग.

हळू बोलायचं ठरवलं होतं ते रद्द. आता ओरडणं माझ्या कामाचा भाग आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ९.५०

नव्या सुपरवायझरने ठरवलं की ज्या मजल्याचा डबा, त्याचा निरोप त्या मजल्यावरच्या बाईच्या फोनवर. तारवाल्याने माझ्या फोनमध्ये बसवून दिलं.

नीट विचार केला तर सुपरवायझर म्हणजे काय? कुणीतरी हाताखाली असतं आणि ते येऊन आपल्याला सांगतं. माझ्या हाताखाली एक आहे. वेळेवर सांगतो, उलट बोलत नाही, हसत नाही.

१०.३५

फोन वाजला. पहिला निरोप. डब्याकडून निघाला तो थेट मला. मधे घरमालकीण नाही. सहा वर्षांत न फुटता आलेलं हे पहिलं टपाल.

इंग्रजीत आहे, चार अक्षरी. पहिलं एफ. पुढची तीन मला येत नाहीत. पण काय लिहिलं असणार ते कळलं. जाऊन आले.

२.२०

परत. आत्ताच तर रिकामा केला होता.

जाते.